घटनात्मक बहिरेपणा आणि संपलेली मुदत

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी पदरच्या पैशानं एक रबरी शिक्का करून घेतला. त्या वयात बायका कानातलं करून घेतात, मी शिक्का केला. जळगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शिक्केवाला बसायचा. अक्षरं जाड हवीत, भोवती दुहेरी चौकट हवी, असं मी त्याला दोनदा बजावलं. शिक्क्यावर एकच शब्द होता : 'मुदतबाह्य'. तो कागदावर नीट उमटला की मला जो आनंद व्हायचा, तो सांगायची आज लाज वाटते. पण दिवाळी अंकात लाजायला लागले तर लेख व्हायचा कसा?

माझी नोकरी होती एका लहानशा संस्थेत. सैन्यातून घरी आलेल्या लोकांना कागदपत्रांत मदत करायची, एवढंच तिचं काम. मुख्य कार्यालय धुळ्याला, शाखा जळगावला. शाखा म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या, तीन कपाटं, मी आणि नाना. नाना हे निवृत्त सुभेदार. मिशा सैन्यातल्या आणि चहा पिण्याची पद्धत बशीतली. दोन्ही जिल्ह्यांतून पोस्टानं येणाऱ्या अर्जांना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या : आम्ही सरकार नव्हतो. कुणाचं काही मंजूर किंवा नामंजूर करायचा आम्हाला काडीचा अधिकार नव्हता. अर्ज लिहून द्यायचा, कागद जोडायचे आणि पुढे दिल्लीच्या वाटेला लावायचे. पण हे माझ्या शिक्क्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सांगायला गेलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आता हे काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं, सैनिकाला इजा झाली की सरकार पेन्शन देतं, विषय संपला. तसं नसतं. माणूस घरी यायच्या आधी डॉक्टरांचं मंडळ त्याला तपासतं. अपंगत्व किती टक्के ते लिहितं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कशामुळे आलं ते लिहितं. 'सेवेमुळे आलं' किंवा 'सेवेत वाढलं' असं लिहिलं तर अपंगत्वाचं पेन्शन मिळायची वाट मोकळी. 'सेवेशी संबंध नाही' असं लिहिलं तर नकाराचं पत्र. टक्क्यांचं प्रकरण वेगळंच, विसाच्या खाली सहसा काही मिळत नाही. पहूरचे एक हवालदार दर दोन महिन्यांनी यायचे आणि टेबलावर हाताची तुटकी करंगळी ठेवून विचारायचे, "बाई, याला पंधरा दिलेत. जरा बोलून पाहा ना, वीसपर्यंत येतील ते." जणू दिल्लीला कुणी करंगळ्यांचा ठेला लावून बसलं होतं.

तर, नकाराचं पत्र येतं, इंग्रजीत. ते हातात पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अपील करायचं. सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पत्र इंग्रजी, वाचून देणारे मास्तर बदली होऊन गेलेले, तोवर पेरणी येते, मग कापूस येतो, मग घरात कुणाचं तरी लग्न निघतं. पत्र देवळीत, फोटोमागे, पत्र्याच्या पेटीत राहतं. पाच वर्षांनी कुणीतरी सांगतं की अमक्याला मिळालं, तूही कर. तो करतो. आणि मग तो अर्ज येतो माझ्यासारख्या बाईच्या हातात, जिच्याकडे नवाकोरा शिक्का आहे.

माझं सगळं कायदेज्ञान एका मराठी माहितीपत्रकात होतं. धुळ्याहून आलेली त्याची झेरॉक्स मी खाकी पुठ्ठ्यात शिवून ठेवली होती. तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी हे वाक्य होतं : 'सहा महिन्यांनंतर केलेले अपील सहसा विचारात घेतले जात नाही. तथापि'. तिथे पान संपत होतं. त्यापुढचं पान होतं पाचवं, आणि ते मुलींच्या लग्नाला मिळणाऱ्या मदतीपासून सुरू व्हायचं. चौथं पान नव्हतं. दुसरंही नव्हतं. पाठपोट छापलेल्या पत्रकाची कुणीतरी एकाच बाजूनं झेरॉक्स काढली होती. साडेतीन वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही. उलट वाक्य अर्धवट लटकतंय ते वाईट दिसतं म्हणून मी 'तथापि'वर पट्टी धरून लाल रेघ मारली. शाळेत मला व्याकरणाचं बक्षीस होतं.

अशात सावद्याहून एक अर्ज आला. शेख युसूफ, तोफखान्यात अकरा वर्षं. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यानं थोडं ऐकू येतं. त्यावरून सैन्यानं घरी पाठवलं, आणि पेन्शन नाकारलं. सोबत नकाराच्या पत्राची नक्कल होती. त्यात लिहिलं होतं की हा बहिरेपणा 'कॉन्स्टिट्यूशनल' आहे, सेवेमुळे आलेला नाही. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ अंगचा, मूळ प्रकृतीतला. पत्राला आठ वर्षं होऊन गेली होती.

माझं इंग्रजी कमी होतं, पण आत्मविश्वास भरपूर होता. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे राज्यघटना, हे नागरिकशास्त्रात पाठ केलेलं. मी अर्जावर शिक्का उमटवला, फाइल बांधली आणि पोस्टकार्ड लिहिलं : 'आपला बहिरेपणा घटनात्मक स्वरूपाचा आहे. आपल्या प्रकरणाची मुदत संपली आहे. कळावे.' लिहून झाल्यावर मी ते एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं. भारदस्त वाटलं.

आठ दिवसांनी दारात एक उंच माणूस उभा राहिला. खांद्यावर अख्खा केळीचा घड, आणि मागे पांढरी ओढणी घेतलेली एक ठेंगणी म्हातारी.

"सलाम! पाटील मॅडम आप ही?" आवाज एवढा मोठा की नानांच्या बशीतला चहा टेबलावर आला.

"हो. काय काम आहे?"

"काम तो आपने कर दिया, मॅडम!" त्यानं घड माझ्या टेबलावर, थेट आवक-जावक रजिस्टरवर ठेवला.

म्हातारी पुढे आली. माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं कानशिलांवर बोटं मोडली. "बेटी, आठ साल. आठ साल से मैं बोलती थी, अल्ला सुनेगा. तेरा कार्ड आया, मुद्दत खतम हो गई. मैंने पूरे मोहल्ले में शक्कर बाँटी."

मला काही कळेना. नाना माझ्याकडे पाहत होते, मी घडाकडे. मग हळूहळू डोक्यात शिरलं. आपल्या मराठीत मुदत म्हणजे ज्याच्या आत काम व्हायला हवं ती वेळ. त्यांच्या घरच्या बोलीत मुद्दत म्हणजे लांबत गेलेले दिवस, वाट पाहण्याचे. ते दिवस संपले, असं मी सही करून कळवलं होतं.

"आणि ते घटनात्मक?" मी घाबरत, पण मोठ्यानं विचारलं.

"वो हमारे मास्तर ने समझाया," युसूफभाई गरजले. "बोले, घटनात्मक मतलब कायदे में बैठता है."

म्हणजे माझ्या दोन चुकांनी मिळून एक मंजुरीपत्र तयार केलं होतं. व्याकरणाच्या बक्षिसाचा एवढा उपयोग आजवर कुणाला झाला नसेल.

आता खरं सांगणं भाग होतं. ऐकू येत नाही म्हणून मी उभी राहून ओरडले, "मुदत संपली म्हणजे आता काही होणार नाही!" खालच्या सायकलवाल्यानं मान वर केली. युसूफभाईंनी उजवा कान पुढे केला. मी आणखी जोरात ओरडले, "उशीर झाला! पेन्शन मिळणार नाही!" समोरच्या गॅलरीतल्या बाईनं कपडे वाळत घालायचे थांबवले.

या वेळी त्यांना कळलं. ते खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मॅडम, सावदा में केले की ट्रक भरता हूँ. पीछे से ट्रक आती है तो मेरे को मालूम नहीं पड़ता. दो बार लोगों ने खींच के बचाया. पेन्शन मिलता तो ये काम छोड़ता. चलो, नहीं मिला. पर उनोंने लिखा कि मैं घर से ऐसा आया. मैं घर से बहरा नहीं गया था. तोप ने लिया मेरा कान."

"मेरे खानदान में कोई बहरा नहीं," त्यांची अम्मा म्हणाली. ही जणू घराण्याच्या अब्रूची बाब होती.

नानांनी मला डोळ्यानं आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून, अगदी कुजबुजत म्हणाले, "पाटील, आता या म्हातारीला काय सांगायचं?"

बाहेरून अम्माचा आवाज आला, "जो सच है वो बोलो, भाऊ."

खानदानी बहिरेपणाचा निकाल तिथेच लागला. नाना बाहेर गेले ते ताठ होऊनच. म्हणाले, "पाटील, ते पत्रक आणा." मी पुठ्ठ्यात शिवलेलं माझं शास्त्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, तिसरं पान वाचलं, लाल रेघेवर बोट ठेवलं.

"ही कुणी मारली?"

"मी."

"का?"

"वाक्य पुरं होत नव्हतं."

"आणि चौथं पान?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? आमच्याकडे नकाशाचं पान हरवलं तर शोधून आणायचे. रस्ता इथे संपतो म्हणून रेघ नाही मारायचे!" मग त्यांनी युसूफभाईंकडे पाहून बोटांनी चार दिवसांची खूण केली आणि मला म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं धुळ्याला जा. ते पान घेऊनच या."

धुळ्याच्या कार्यालयात भामरे अक्का होत्या. सगळ्या फायलींच्या आई. त्यांनी मूळ पत्रक काढून दिलं, आणि माझी प्रत हातात घेऊन चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय वं माय, तथापिवर कुणी गाडी थांबवतं का?"

त्यांनी आतल्या दोघींना हाक मारून ती लाल रेघ दाखवली. चौथ्या पानाच्या सुरुवातीला सरळ लिहिलं होतं की उशिराचं सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, आणि त्यासाठी अपिलासोबत वेगळा अर्ज जोडावा. माफ करायचा की नाही, ते ठरवणारे ठरवतील. मी ते धुळ्याच्या स्टँडवर उभ्याउभ्या तीनदा वाचलं. अमळनेरपर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि ते बरंच झालं.

चार दिवसांनी मायलेक पुन्हा आले. आता मी दुसऱ्या टोकाला गेले होते. उशिराचं कारण सबळ हवं ना, मग मी कारणांची यादीच केली होती : विषमज्वर, घराला आग, तापीचा पूर, घरात मृत्यू. मुलीची पाटी मी घरून आणली होती, कारण ओरडण्याची मला आता भीती वाटत होती. पाटीवर लिहून विचारलं, 'यांतलं काय झालं होतं?'

युसूफभाईंनी वाचलं. देवनागरी त्यांना सैन्यातल्या हिंदीमुळे चांगली यायची. "कुछ नहीं हुआ था."

'विषमज्वर थोडासाही नाही?'

"मॅडम, झूठ नहीं लिखूँगा. मेरे कागज में एक झूठ उनोंने लिखा है, दूसरा मैं क्यों लिखूँ?"

अम्मा चिडली. "अरे, बुखार तो सबको आता है! लिख दे बेटी, मैं माँ हूँ, मेरे को याद है." दोघांचं जुंपलं. नाना मधे पडले. शेवटी मी पाटी पुसून लिहिलं, 'मग आठ वर्षं का आला नाहीत?'

युसूफभाईंनी पाटी वाचली. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "पहले साल दो ऑफिस में गया था. मेरे को सुनाई नहीं देता तो सब चिल्ला के बोलते हैं. मेरी अंदर की बात पूरा बाजार सुनता है. फिर मैं नहीं गया किधर." आणि मान वर करून, "आपने भी चिल्लाया ना."

नानांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हेच कारण.'

तो अर्ज मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यांत चांगला अर्ज. उशीर कशामुळे झाला? ज्या अपंगत्वासाठी अपील आहे, त्या अपंगत्वामुळेच. ऐकू न येणारा माणूस खिडकीवर उभा राहू शकत नाही, पत्र वाचून घेऊ शकत नाही, विचारू शकत नाही. आणि मूळ अपिलात नानांनी मला एक साधी गोष्ट लिहायला लावली : भरतीच्या वेळी सैन्याच्याच डॉक्टरनं कान तपासून ठणठणीत म्हणून घेतलं होतं. मग अकरा वर्षं तोफेशेजारी उभं राहिल्यावर गेलेला कान घरचा कसा? शेवटचं वाक्य मी चारदा लिहून चारदा खोडलं आणि शेवटी पूर्णविरामाशिवाय काहीच ठेवलं नाही. बढाया मारायची हौस तोवर बरीच फिटली होती.

मग वाट पाहणं. हा आमच्या धंद्याचा मोठा भाग, पण त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. आठ-नऊ महिन्यांनी उशीर माफ झाल्याचं पत्र आलं. मग पुण्याला पुन्हा तपासणी. अम्मा सोबत गेली आणि, नाना सांगायचे, तिनं तिथल्या डॉक्टरला आपलेही कान तपासायला लावले. दीड वर्ष उलटल्यावर एक जाड लिफाफा आला. या वेळी इंग्रजीचा एकेक शब्द मी शब्दकोशात पाहिला, मग नानांकडून तपासून घेतला, मग फोनवर भामरे अक्कांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आता रेघ मारू नको म्हणजे झालं."

लिफाफा घेऊन मी स्वतः सावद्याला गेले. घरासमोर केळीचे घड भरायला ट्रक उभा होता आणि युसूफभाई त्याच्यापासून लांब, ओट्यावर दम खात बसलेले. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि कागदावरच्या एका ओळीखाली बोट ठेवलं. त्याचं हिंदी मी पाटीवर लिहून आणलं होतं : कान की यह हानि सैन्य सेवा के कारण हुई है.

त्यांनी ती ओळ वाचली. इंग्रजी कागदावरच्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं, जणू ते खरखरीत आहे का गुळगुळीत ते पाहत होते. पेन्शन आजपासून पुढे नीट मिळेल आणि मागची ठरावीक वर्षंच मिळतील, त्याआधीची गेली, हेही मी लिहून सांगितलं. उशिराला माफी मिळाली तरी उशीर आपला हिस्सा कापून घेतोच. त्यांनी मान हलवली. ती वर्षं त्यांना फारशी महत्त्वाची वाटली नसावीत.

अम्मा दारात उभी होती. साखरेचा डबा हातात, पण झाकण घट्ट धरलेलं. "बेटी, इस बार पक्का ना? तेरे कार्ड का भरोसा नहीं."

"पक्का, अम्मा."

झाकण उघडलं. गल्लीत गडबड सुरू झाली. त्या गडबडीत युसूफभाईंनी माझ्या मांडीवरची पाटी घेतली, पुसली आणि लिहून माझ्यापुढे धरली : 'ऐसे कार्ड और कितनों को भेजे?'

साखर माझ्या तोंडातच राहिली. दीड वर्षात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. एका माणसाचं काम मार्गी लावल्याच्या नादात मी स्वतःवर फार खूश होते. मी लिहिलं, 'रजिस्टर पाहावं लागेल.' ते म्हणाले, "देखो. मैं साथ आता हूँ. अब मेरे पास टाइम है."

रजिस्टरमध्ये तसे एकोणीस निघाले. आम्ही रविवारी-सुट्टीला निघायचो. मी, युसूफभाई आणि पाटी. एसटीत लोक आमच्याकडे बघायचे, कारण ते गरजून बोलायचे आणि मी लिहून उत्तर द्यायचे. लोकांना वाटायचं मी मुकी आहे. माझ्या नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला कधी लाभलं नाही ते." काही घरी आमचं चांगलं स्वागत झालं, एका घरी कुत्रं अंगावर सोडलं, आणि एकानं विचारलं की या कामाची तुम्ही फी किती घेता. सात जणांचे अर्ज आम्ही नव्यानं केले. त्यांतल्या काहींचं झालं, काहींचं नाही. मी शिकले ते एवढंच की 'नाही' म्हणायचं काम ज्यांचं आहे, त्यांनाच ते करू द्यावं.

पिंपळनेरचं घर आम्हाला शेवटी सापडलं. दारात एक बाई तूर पाखडत होती. तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन मी विचारलं, घरी आहेत का?

"त्या गयात," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "दोन वरीस व्हयनात."

युसूफभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती. मी ओट्याखालीच उभी राहिले. मग म्हटलं, "त्यांना जळगावहून एक कार्ड आलं होतं. मुदत संपली म्हणून."

"उनं व्हतं. त्यास्नी वाचं आन् पेटीमा ठी दिधं. परत काही बोलनात नही."

"ते कार्ड मी लिहिलं होतं, ताई."

आता सूप थांबलं. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी वाट पाहत होते, ती काय म्हणेल याची. कुत्र्याचीही माझी तयारी होती.

"तू लिखं व्हतं का?" ती म्हणाली. "अक्षर चांगलं शे तुन्हं." आणि मग, "आते काय लिखी लयनी?"

"आज काही लिहून नाही आणलं," मी म्हटलं. "त्यांच्या माघारी तुम्हाला मागता येतं. होईल का नाही ते मला माहीत नाही, ते मी ठरवत नाही. पण आधी तुमचं ऐकायचंय, मग इथे बसून लिहायचंय. त्यांचं डिस्चार्ज बुक आहे का?"

"शे ना. बठ्ठा कागद शेतस." तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पेटी उघडायला आत गेली.